दोन हात

सदाशिव पेठेत, डॉक्टर नेन्यांच्या बंद दवाखान्यात
भिंतीला अठरा पॅनेल आहेत, सागाची,
उकळून उकळून कडू झालेल्या चहाच्या रंगाची.
ती पांढरी करायचीत.
"पांढरी म्हणजे कशी?" तर त्यांची मुलगी म्हणाली,
"ताकासारखी."
शेडकार्ड न मागता रंग सांगणारं
बावीस वर्षांत हे पहिलंच गिऱ्हाईक.

शकूर म्हणतो, गन मारू.
नाना पेठेतून कॉम्प्रेसर आणू भाड्याने,
अर्ध्या दिवसात काम, कुठे रेघ नाही, केस नाही.
आणि हिराताई, या खाचांत तुझा रोलर जाणार आहे का?

खरंय. खाचांत रोलर जात नाही.
म्हाताऱ्याच्या कानामागे जसं बोटच घालावं लागतं
तसा तिथे ब्रश घालावा लागतो, अठरा गुणिले चार.

तरी मी म्हणते, रोलर.
चार इंची, बारीक केसांचा.
गन मारायची तर आधी सगळी खोली झाका :
साडेतीनशे बाटल्या, डॉक्टरांच्या अक्षरातली लेबलं,
मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलेलं घड्याळ,
पंखा, फरशी, खिडकीतला मनीप्लांट.
शिवाय पाण्यातला रंग गनला घट्ट पडतो
आणि पातळ केला तर ओघळतो.
उडालेला कुठे जाऊन बसेल, ते वारा ठरवतो.
कोथरूडला बसला होता समोरच्यांच्या गाडीवर,
काळ्या गाडीवर, पिठीसाखर चाळल्यासारखा.
"किती वर्षं सांगणार आहेस ते?"
पैसे मी भरले होते, म्हटलं.

रंगाचे दोन हात राहिले बाजूला,
आमचेच व्हायला लागले.

शेवटी एक पॅनेल उतरवलं.
मागची बाजू, कुणी न बघितलेली.
मधोमध टेप. डावीकडे त्याने गन मारली
(पुतण्याची, बाटलीएवढी, खेळण्यातली वाटते),
उजवीकडे मी रोलर फिरवला.
वरच्या कोपऱ्यात सुताराची पेन्सिल होती :
७, दाराजवळ, हुक ठेवणे.
खाली एक वजाबाकी. चुकलेली.
तेवढी जागा दोघांनीही सोडली.
ठरवलं नव्हतं.

मुलगी आली, चष्मा कपाळावर केला, बोटं फिरवली.
डावी बाजू गार, गुळगुळीत, स्टीलच्या ताटासारखी.
उजवीवर बारीक दाणा,
थंडीत दंडावर उठतो तसा.
"ही नवी वाटते," डावीला म्हणाली.
"हिला कुणीतरी हात लावलाय," उजवीला.
आणि काहीच न निवडता आत गेली
चहाचं विचारायला. चहा आला नाही.

आमच्यात थराला हात म्हणतात.
पहिला हात, दुसरा हात.
गनने मारला तरी हातच,
खरा हात वीतभर लांब असला तरी.
हे मी शकूरला म्हटलं नाही.
त्याला वाटलं असतं, मी जिंकायला बघतेय.

सकाळी कुलूप काढलं.
पॅनेल क्रमांक सात भिंतीला टेकून उभं,
आणि ताकावर पिवळे ढग.
डावीकडेही, उजवीकडेही, टेपची रेघ न जुमानता
सागाने आपलं पोटातलं वर सोडलेलं.
तीन दिवस भांडलो आम्ही कसं लावायचं त्यावर.
खाली काय लावायचं, हे
चाळीस वर्षांच्या दोघांच्या अनुभवात
एकालाही आठवलं नाही.

शकूर खाली बसला आणि हसायला लागला.
मीही.

त्यात आज गुरुवार. पाचपर्यंत लाइट नाही.
भवानी पेठेतून चपडा आणला, स्पिरिटमध्ये भिजत घातला.
खिडकीच्या उजेडात आम्ही पाठीला पाठ लावून
कापडाच्या बोळ्याने लाकडाचं तोंड बंद करतोय,
एकेक पॅनेल.
त्याची नऊ, माझी नऊ.

गन का रोलर,
ते शनिवारी बघू.